उंबऱ्यापासून फाटकापर्यंत

आमच्या दारापासून फाटकापर्यंत अंतर किती, असं मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. त्रेपन्न फूट. हे माप ह्यांनी काढलं. म्हणजे टेपचं एक टोक मी दारात धरलं, दुसरं सासूबाईंनी फाटकाशी, आणि हे खिडकीजवळच्या पलंगावर पडून आमच्या दोघींवर ओरडत राहिले. टेप ढिला आहे. टेप दगडावरून गेला. फाटकाच्या आतून धरा, बाहेरून नाही. माझा नवरा भूमापन खात्यात होता. भीमपूरपासून उटनूरपर्यंत कितीतरी लोकांच्या धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, भांडणं ह्यांनी मोजणीची जरीब टाकून मिटवली होती. आता मोजायला एवढं अंगणच उरलं होतं.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आदल्या वर्षी उटनूरहून येताना घाटात रानडुक्कर आडवं आलं आणि मोटारसायकल खाली गेली. हैदराबादच्या दवाखान्यात अडीच महिने काढले. जीव वाचला, कमरेखालचं गेलं. बेचाळीस वर्षांचं वय. मी सरकारी शाळेत शिक्षिका, सासूबाई सत्तरीला टेकलेल्या, आणि घर आदिलाबादच्या कडेला, भीमपूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर. सासऱ्यांनी स्वस्तात मिळते म्हणून ही जागा घेतली होती. स्वस्त का मिळाली ते पहिल्या पावसाळ्यात कळलं म्हणे. काळी माती. पावसात पाय टाकला की पाय निघतो, चप्पल राहते. उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की मनगटापर्यंत हात जातो.

घरी आल्यावर ह्यांना दोनदा बाहेर नेलं. शेजारची चार माणसं यायची, दोघं खांद्याला, दोघं पायाला. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा चिखलात एकाचा पाय घसरला आणि ह्यांची लुंगी सुटली. रस्त्यानं बाजाराच्या बाया चालल्या होत्या. कुणी हसलं नाही, सगळ्यांनी माना फिरवल्या, आणि तेच ह्यांना जास्त लागलं. आत आल्यावर भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "आता मले कोणी उचलायचं नाही. जाईन तर आपल्या हातानं जाईन. मेल्यावर उचला."

त्यानंतर सात महिने हा माणूस त्या खोलीतून हलला नाही. जिल्हाभर उन्हातान्हात फिरलेला माणूस, खिडकीतून फाटकाकडं बघत बसायचा. फाटकावर काय होतं? समोर चहाची टपरी, येणारेजाणारे शेतकरी, बस. एवढंच. पण एवढंच त्यांना हवं होतं. मला दिसत होतं की हा माणूस आतल्या आत विझतो आहे. जेवण अर्ध्यावर आलं होतं, बोलणं त्याहून कमी. तेव्हा मी ठरवलं की चाकांची खुर्ची करायची, आणि ती जाईल असा पक्का रस्ता दारापासून फाटकापर्यंत करायचा. ठरवणं सोपं होतं हो. पुढं माझ्या नाकी नऊ आले.

पहिला आला तो सरकारी रस्त्यांची कामं घेणाऱ्या कंत्राटदाराचा माणूस. तेलुगू बोलायचा, मला अम्मा म्हणायचा. म्हणाला, डांबर टाकून देतो, दोन तासांत काम. ह्यांनी सांगितलं की आधी फाटकाबाहेर हातभर टाकून दाखव. तो कधी टाकतो विचारलं की रेपु. रेपु म्हणजे उद्या. असे दहा-बारा रेपु झाल्यावर एकदाचं त्यानं ते हातभर डांबर टाकलं. चैत्राचं ऊन. दुपारी सासूबाई फाटकाशी गेल्या आणि त्यांची चप्पल तिथंच राहिली. ती ओढून काढताना चपलेचा अंगठा तुटला. ह्यांनी खिडकीतून सगळं पाहिलं आणि एवढंच म्हणाले की चपलीचं हे झालं तर खुर्चीचं काय होईल. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं होतं, म्हणून मला त्या डांबरवाल्याचा राग धरता आला नाही.

मग फरशीवाला. बाजारातला मोठा व्यापारी, हिंदीत बोलणारा. घासलेली शहाबादी दाखवली, एकदम ए-वन माल, मंत्र्याच्या बंगल्यात हीच आहे म्हणाला. ह्यांनी नमुन्याची एक फरशी घरी मागवली, ती मला उतरती ठेवायला लावली, वर तांब्याभर पाणी ओतायला लावलं, आणि शेजाऱ्याच्या सायकलचं पुढचं चाक तिच्यावर तिरपं फिरवायला लावलं. चाक सटकलं, मी सायकलसकट बसले. माझं ढोपर सोललं आणि हे म्हणाले, नापास. मंचेरियलच्या कोळसा खाणीत नोकरीला असलेल्या माझ्या भावानं पत्रातून कळवलं की ट्रकभर कोळशाची राख फुकट पाठवतो, दाबून बसवा. मी लिहिलं, घर आधीच काळं पडलंय, राख नको.

हे सगळं मी कधी करत होते? सकाळची शाळा, दुपारी पेपर तपासणं, दर दोन तासांनी ह्यांची कूस बदलणं, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यात त्या वर्षी मतदार याद्यांचं काम आमच्याच गळ्यात. दारोदार फिरून लोकांची नावं लिहायची आणि घरी येऊन कंत्राटदारांची वाट बघायची. लोक सांगायचे, बाई, तुमी लई हिमतीच्या. मला वाटायचं, हिंमत तुम्ही घ्या आणि मला दोन तास झोप द्या.

शेवटी जो आला तो भीमपूरकडच्या खेड्यातला मेस्त्री. पावसाळ्यात स्वतःची कपाशी आणि ज्वारी, उन्हाळ्यात गवंडीकाम. नवरा-बायको दोघं सोबतच काम करायचे. तो आला, डांबर-फरशीचं काही बोलला नाही, अंगणातलं एक ढेकूळ उचललं, पाण्यात भिजवलं, बोटांत मळून त्याची वात केली. ती वात न तुटता लांब होत गेली. मग म्हणाला, "मास्तरीणबाई, ही माती फुगते. हिच्यावर सोनं बी अंथरलं तरी ही उचलून फेकीन. आधी हिले काढा लागते."

दोन हात खोल खणून सगळी काळी माती बाहेर, आत मुरूम, तो पाणी मारून ठोकायचा, आणि वर सिमेंट-गिट्टीचा थर. तोही सलग नाही, तुकड्या-तुकड्यानं, मध्ये फट ठेवून, म्हणजे तडकलं तरी फटीत तडकेल. ह्यांनी पलंगावरून त्याला वीस प्रश्न विचारले. त्यानं सगळ्यांची उत्तरं खिडकीच्या गजांना धरून दिली. मेस्त्री गेल्यावर हे म्हणाले, ह्याला जमीन कळते. ह्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी तारीफ मी ऐकली नव्हती.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मेस्त्रीला कळत होतं सगळं, फक्त तो यायचा नाही. लगनसराई होती. आज साळ्याचं लग्न, उद्या चुलत साळीचं. अंगण खणून ठेवलं आणि गडी आठ दिवस गायब. आम्ही दारातून फाटकाकडं फळीवरून जायचो. नवव्या दिवशी उगवला तेव्हा मी त्याला असं काही बोलले की वर्गातल्या पोरांनाही कधी बोलले नसेन. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला की बाई, तुमचं खरं हाय, पण वऱ्हाड्याले जेवू घालून राह्यलो होतो. काय करणार? पुन्हा कामाला लागला.

सासूबाईंचं वेगळंच. पन्नास वर्षं त्या रोज सकाळी अंगणात शेणाचा सडा टाकत होत्या. सिमेंटवर सडा बसत नाही, नुसता घसरडा चिखल होतो. मी भीत-भीत सांगितलं. त्या म्हणाल्या की तुळशीपाशी दोन हात माती राहू दे, बाकी तुमचं तुमी पाहा. एवढ्यावर त्या मानतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांच्या हातचं रोजचं एक काम आपण काढून घेतलं याचं मला वाईट वाटलं, पण ते बोलून दाखवायला माझ्यात त्राण नव्हतं.

ह्यांनी मात्र सगळं मनावर घेतलं. जुनी खात्याची वही काढली, पेन्सिलीला टोक करून घेतलं आणि अंगणाचा नकाशा काढला. वर लिहिलं, उंबऱ्यापासून फाटकापर्यंत. दारासमोरच्या दोन पायऱ्या फोडून तिथं उतार करायचा होता. किती फुटांत किती इंच उतरायचं याचा हिशोब ह्यांनी तीनदा केला, कारण उतार जास्त झाला तर खाली जाता येईल पण वर यायला हाताला जोर पुरणार नाही. मेस्त्री पाण्याच्या नळीनं पातळी धरायचा आणि हे खिडकीतून आकडे सांगायचे. दोघं भांडायचे, पुन्हा चहा प्यायचे. जेवण पूर्ववत झालं. मी शाळेतून आले की दिवसभराचं काम मला ऐकवायचे, मी ऐकता ऐकता पेंगायचे.

उताराचं वरचं टोक उंबऱ्याच्या बुडापेक्षा चार बोटं खाली ठेवलं. घराच्या बाहेरची जमीन उंबऱ्याखालीच असायला हवी, नाहीतर पाणी घरात येतं. हे मेस्त्रीला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं, मला आणि सासूबाईंनाही माहीत होतं. आमच्याकडं हे सांगावं लागत नाही.

सिमेंट ओलं असतानाच मेस्त्रीच्या बायकोनं त्याच्यावरून खराटा ओढला, बारीक रेघा उमटल्या, म्हणजे चाक धरून राहील. मग पंधरा दिवस पोती अंथरून पाणी मारायचं. ते काम सासूबाईंनी आपण होऊन घेतलं. ज्या वेळी सडा टाकायच्या त्याच वेळी पोती भिजवायच्या.

खुर्ची बस स्टँडजवळच्या वेल्डिंगवाल्यानं केली. कचेरीतली जुनी वेताची खुर्ची, मोठी दोन सायकलची चाकं, त्यांना बाहेरून हातानं फिरवायला लोखंडी कडं, पुढं दोन छोटी चाकं. वेल्डिंगवाला आणि मेस्त्री दोघांनी ती दोन्हीकडून उचलून घरात आणली आणि पलंगाशी ठेवली. मी हे मुद्दाम सांगते आहे. दोघांनी ती उचलून आणली, आम्ही सगळे बघत होतो, आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

ह्यांनी दाढी केली. पांढरा सदरा, पँट. लुंगी नको म्हणाले. हातांच्या जोरावर पलंगावरून सरकून खुर्चीत बसले, तेवढं महिनाभर शिकले होते. मी पुढं झाले तर हातानं थांबवलं. चाकं फिरवली. पलंगापासून कपाटाला वळसा घालून, मधल्या खोलीतून दाराकडं. दार उघडं होतं, बाहेर ऊन आणि राखाडी रस्ता सरळ फाटकापर्यंत. मेस्त्री, त्याची बायको आणि वेल्डिंगवाला अंगणात उभे होते. खुर्ची दारात आली आणि थांबली.

उंबरा. सागवानाची एक आडवी फळी, आतल्या जमिनीपासून वीतभर उंच. सकाळीच सासूबाईंनी पुजली होती. ह्यांनी मागं घेऊन पुन्हा जोर लावला. छोटी चाकं लाकडावर आपटली. त्यांना ओलं हळदकुंकू लागलं आणि ती तिथंच अडली.

त्रेपन्न फूट मोजले होते. उंबऱ्यापासून मोजले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जन्मभर आम्ही तो ओलांडत आलो. तो पायाला ठाऊक होता, म्हणून डोळ्यांना कधी दिसलाच नाही. मेस्त्री धावत आला, म्हणाला, धरतो ना, दोघं जण एका झटक्यात बाहीर काढतो. ह्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "नको." आणि खुर्ची मागं फिरवली. पँट-सदऱ्यातच पलंगावर आडवे झाले आणि खिडकी लावून घ्यायला सांगितली.

मी मोरीत जाऊन रडले. खोटं कशाला सांगू? सगळ्या उन्हाळ्याचं रडले.

उपाय नव्हता असं नाही. मेस्त्री म्हणाला की बाहेरून सिमेंट चढवतो, पण आतून चढवता येत नव्हतं, कारण दार आत उघडतं, मग दारच लागणार नाही. सुटी फळी ठेवायची तर ती ठेवायला आणि काढायला दर वेळी दुसरं माणूस हवं. मग आपल्या हातानं कुठं राहिलं? उरला एकच उपाय, उंबरा कापून जमिनीबरोबर करायचा. तो मेस्त्रीनं माझ्या कानाशी येऊन सांगितला आणि लगेच म्हणाला की बाई, मी मात्र आरी लावणार नाही. घरची लक्ष्मी हाय ते. साप-इंचू आत येतील ते येगळंच.

बोलायचं कुणी? मी त्याच उंबऱ्यावरचं माप लवंडून या घरात आले होते. सासऱ्यांना तिथूनच नेलं. सासूबाई न्हाऊन आल्या की चुलीच्या आधी उंबऱ्याला हळदकुंकू वाहायच्या. त्यांना कसं म्हणू, की हा कापा? पाच दिवस मी म्हटलं नाही. त्या काही म्हणाल्या नाहीत. मला त्यांचा राग येऊ लागला. उंबरा पोटच्या पोरापेक्षा मोठा आहे का, असं मनात शंभरदा म्हटलं आणि भांडी आपटली. आज कबूल करते, मलाच धीर होत नव्हता. सुनेनं घराचा उंबरा तोडला, हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. राग आपला त्यांच्यावर काढत होते.

सहाव्या दिवशी शाळेतून आले. फाटकातून पाहते तर सासूबाई दारात खाली बसलेल्या, पदर खोचलेला, हातात आरी. मेस्त्री बाजूला डोक्याचा टॉवेल काढून उभा. सकाळी मी गेल्यावर त्यांनी रस्त्यावर उभं राहून भीमपूरच्या बसनं निरोप पाठवून त्याला बोलावून घेतलं होतं. त्यानं हात लावायला नकार दिला म्हणून आरी त्याच्या पिशवीतून स्वतः काढली होती. उंबऱ्याच्या एका टोकाला बोटभर चीर पडलेली. आतून हे ओरडत होते की माय, राहू दे, माय, मी नाही जात कुठं.

सासूबाईंनी आरी थांबवली नाही. दम लागला होता, तशाच म्हणाल्या, "मी इथं रोज कुकू काऊन वाह्यते? घरचं मानूस बाहीर जाते, ते सुखरूप वापस याव म्हणून वाह्यते. मानूस जातच नाही, त मी कोनासाठी वाहू?"

आतला आवाज थांबला. मेस्त्री खाली बसला, त्यांच्या हातून आरी घेतली, कपाळाला लावली आणि कापायला लागला. मी दप्तर फाटकाशीच टाकलं आणि लाकडाचं दुसरं टोक धरून बसले. माझ्याकडं न पाहता सासूबाई म्हणाल्या की धूळ उडून राह्यली, तोंडाले पदर लाव. बस, तेवढंच आमचं बोलणं झालं.

फट सिमेंटनं भरून काढली, बाहेरचा उतार वर आणून मिळवला. सुकायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ह्यांनी पुन्हा दाढी केली. सासूबाई न्हाऊन आल्या, दारात बसल्या, आणि उंबरा होता तिथं सपाट जमिनीवरच हळदकुंकू वाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच, पाणी घालून. खुर्ची आली. चाकं त्यावरून गेली, थांबली नाहीत. उतारावर ह्यांनी हातानं कडं धरून वेग आवरला, मग सरळ. मी दारातच उभी राहिले. पाय पुढं जात होते, ते मी दाबून धरले. हे मध्ये दोनदा थांबले, दम खाल्ला. फाटकाची कडी स्वतः काढली. टपरीवाल्यानं चहा आणून दिला. थोड्या वेळानं एक म्हातारा शेतकरी थांबला आणि धुऱ्याचं काहीतरी विचारू लागला. ह्यांचा हात हवेत रेघा ओढताना मला दिसला.

परत यायला त्यांना खूप वेळ लागला. उतारावर दंड थरथरत होते. कुणी पुढं झालं नाही. आत आल्यावर घामानं भिजलेला सदरा मी काढून घेतला, पाणी दिलं, आणि मग अंगणात पाहिलं. त्या खराट्याच्या रेघांत कुंकू भरलं होतं. दारातून दोन बारीक तांबड्या रेघा निघून, फिकट होत होत, फाटकाकडं गेल्या होत्या. मी सवयीनं फडकं आणि बादली घेऊन निघाले.

"राहू दे," हे खुर्चीतून म्हणाले. "कुठवर गेलो होतो ते दिसते."

पावसाळ्यात दारातून पाणी आत यायचं, आम्ही पोतं लावत होतो. एकदा विंचूही निघाला. सिमेंटला मेस्त्रीनं सांगितलं होतं तिथंच, फटीत, तडे गेले. पुढची नऊ वर्षं ह्यांना कुणी उचललं नाही. मग एकदाच उचललं, चौघांनी, आणि त्या दिवशी सकाळी सासूबाईंनी दारात कुंकू वाहिलं नाही.